नाताळानंतरचं माप

ये गं, अशी जवळ ये. अजून. एवढ्या लांबून ओरडून बोलायला मी काय मैदानावर उभी आहे? आणि आधी ती ताटात ठेवलेली अर्धी भाकरी संपव. मघापासून बघतेय, भाकरीचा फोटो काढतेस आणि तो मोबाईल तुला सांगणार, खायची का नाही! पुण्याहून येताना आजीसाठी पिशवीत काय आणलंस, तर वजनाचा काटा. त्यावर उभं राहिलं की म्हणे अंगातली चरबी सांगतो. मी सकाळी उभी राहिले तर बिचारा काही बोललाच नाही, नुसता लुकलुकत राहिला.

चरबी मोजायचं कौतुक तू मला सांगू नकोस. ह्या दोन हातांनी मी फुटबॉल खेळणाऱ्या पोरींची चरबी मोजलीय, मिलिमीटरमध्ये. हसतेस काय? सातवी शिकलेली बाई मिलिमीटर म्हणू शकत नाही का? ऐक तर.

आमच्या शाळेत खेळाचे सर होते. नाव कशाला घ्यायचं, त्यांना सगळे सरच म्हणायचे, घरात त्यांची बायकोसुद्धा. मी तेव्हा मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन. सर केडगावहून स्कूटरवर यायचे. अंगानं चांगले गोल. गळ्यात शिट्टी असायची, पण ती लोंबायची नाही, पोटावर आडवी पडलेली असायची. खिशात फुटाणे. बोलताना एकेक तोंडात टाकायचे आणि समोरच्याला सांगायचे, “चरबी म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. बसतो, खातो, आणि पळायची वेळ आली की उठत नाही.”

हे खूळ त्यांच्या डोक्यात पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन शिरलं. तिथं फुटबॉलच्या खेळाडूंना आधी चिमटे काढतात आणि मग पळवतात, हे त्यांनी पाहिलं. येताना एक चिमटा घेऊन आले. प्लास्टिकचा, पिवळा, खेकड्याच्या नांगीसारखा. दंडाची कातडी बोटांत धरायची, घडी वर उचलायची, त्या घडीला चिमटा लावायचा आणि आकडा वाचायचा. आकडा जेवढा मोठा तेवढी चरबी जास्त. मग मैदानावर तीस मीटर पळवायचं आणि घड्याळ लावायचं. सरांचं शास्त्र एका ओळीचं होतं: चरबी कमी, वेग जास्त.

त्या दिवसापासून सरांनी माणसांना “कसे आहात?” असं विचारणं सोडलं. “दंड बघू,” म्हणायचे. बोर्डिंगचा दूधवाला, पोस्टमन, चर्चमधले आमचे पाळकसाहेब, कुणी सुटलं नाही. एका लग्नात ते नवरदेवाला हात मिळवायला स्टेजवर गेले आणि इतका वेळ दंड चाचपत उभे राहिले की करवलीनं विचारलं, “ह्ये डॉक्टर आमच्याकडचं का तुमच्याकडचं?” घोडेगावच्या बाजारात तर कहर. भावाला बैलजोडी घ्यायची होती म्हणून गेले बरोबर. व्यापारी म्हणाला, बैल पळायला तेज आहे. झालं! सरांनी खिशातनं चिमटा काढला आणि बैलाच्या मानेला लावला. बैलानं मान अशी झटकली की सर शेजारच्या शेळ्यांत. व्यापारी म्हणाला, “ओ सायेब, बैल इकायचाय, त्याला कापडं न्हाई शिवायची!” हे सर स्वतःच येऊन सांगायचे आणि वर म्हणायचे, “पण मावशी, घडी काय सुरेख आली होती!”

आता मुलींचं माप घ्यायचं तर पुरुषमाणसानं हात कसा लावायचा? सरांना तेवढी रीत पक्की होती. म्हणून चिमटा आला माझ्या हातात. आजाऱ्यांच्या खोलीत मी माझं जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलं. आत मी आणि मुलगी. बाहेर स्टुलावर सर, पडद्याकडं पाठ करून, वर डोळे मिटून. पाठ केली तरी डोळे कशाला मिटायचे, ते मला आजतागायत कळलं नाही.

“मावशी, दंडाची मागची बाजू!”

“चौदा!”

“नुसती कातडी धरा हां. आतलं मांस नको.”

“धरलीय हो. पोरगी हसतीय, घडी निसटतीय.”

“हसू नकोस! हसल्यानं आकडा बदलतो!”

एवढं म्हटल्यावर कोण थांबतंय? आतली हसायची, रांगेतल्या हसायच्या, मी हसायची, चिमटा हसायचा. सर बाहेर मिटल्या डोळ्यांनी ओरडायचे, “शांतता! शास्त्र चालू आहे!”

आकडे जायचे जेवणघरातल्या फळ्यावर. नावं नाही लिहायचे, जर्सीचे नंबर लिहायचे, कुणाला लाज वाटायला नको म्हणून. पण नंबर कुणाचा ते अख्ख्या बोर्डिंगला ठाऊक. त्या फळ्यावर आधी मी जेवणात काय आहे ते लिहायची. ते पुसलं गेलं. संध्याकाळी पिठलं आहे का आमटी हे कुणाला माहीत नसायचं, पण कुणाची पोटरी किती ते सगळ्यांना पाठ.

सगळ्यात मोठा आकडा एस्तेरचा. मागं खेळायची, गोलच्या पुढं. बाप सुप्याला कंपनीत कामाला, आई शेतात. पोरगी जात्याच्या तळीसारखी भक्कम. मापाच्या दिवशी ती आत आली की म्हणायची, “मावशी, तुमी चिमटा घेता का सांडशीनं पातेलं उचलता?” सरांच्या हिशोबानं एस्तेर सगळ्यात हळू पळायला पाहिजे होती. आणि पळायची कशी, तर शिट्टी वाजायच्या आत निघाल्यासारखी. पहिल्यांदा सर म्हणाले, घड्याळाला थंडी लागलीय. मग म्हणाले, वारा पाठीमागून आहे. मग तिला उलट्या बाजूनं पळवलं, तर वारा समोरून असूनही तेवढीच. मग म्हणाले, मैदानाला उतार आहे.

“सर, उतार हाय तर त्यो बाकीच्यांना का न्हाई?” एस्तेरनं विचारलं.

“तू वजनदार आहेस. उतार तुला जास्त लागतो.”

पोरी लोळायच्या बाकी होत्या. सरांनी कधी तिला बसवलं मात्र नाही. संघात ठेवायचे, आणि फळ्यावर तिच्या नंबरापुढं एक प्रश्नचिन्ह काढायचे.

आता मुद्द्याचं ऐक. ते मैदान जाणार होतं. शाळेच्या कमिटीत ठरत आलं होतं की तिथं फरशी घालायची आणि लग्नाकार्याला लॉन म्हणून द्यायचं. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब म्हणजे उंच, सरळ, छत्रीच्या काडीसारखे बारीक. शर्ट अंगात घातलेला नाही, खुंटीला अडकवलेला वाटायचा. ते सरांना म्हणाले, “मुली पळतात, ठीक आहे. पण पळून पळून पोहोचतात कुठं? काही फरक पडल्याचं दाखवा. नाहीतर फरशी.” मुलींना दुसरं मैदान नव्हतं. मुलांचं होतं तिथं क्रिकेट, आणि तिथं ह्यांना कोण उभं करतंय? मैदान गेलं की फुटबॉल गेला, इतकं सरळ होतं.

सर तावातावानं म्हणाले, “आकड्यांत दाखवतो. आज माप घेतलंय, सहामाहीच्या सुट्टीआधीचं. परत माप नाताळच्या सुट्टीनंतर, तुमच्या सगळ्यांसमोर. चरबी खाली, वेग वर. दोन्ही नाही जमलं तर खुशाल फरशी घाला.”

मी चहा घेऊन आले होते. बाहेर आल्यावर म्हटलं, “सर, नाताळानंतर? अहो, दुसरा मुहूर्त नाही मिळाला?”

“मावशी, दिवाळीचं मी बघून घेतो. शास्त्राला सण नसतो.”

आणि दिवाळीचं त्यांनी खरंच बघून घेतलं बरं का. सर शेतकरी घरातले, दिवाळीत किती खातात ते त्यांना पक्कं माहीत. सुट्टीला जाणाऱ्या एकेका पोरीला शपथ घातली, चकलीकडं बघायचं नाही. घरोघरी फोन केले. पोरी दिवाळीहून आल्या त्या चक्क वाळलेल्या. सर खूश. म्हणाले, “संकट टळलं.” त्यांच्या लेखी सण संपले होते! नाताळ म्हणजे त्यांना वाटायचं, चर्चला जायचं, तारा लावायचा आणि केकचा एक तुकडा खायचा. आमच्या लोकांत राहून इतकी वर्षं नोकरी केली, पण नाताळात कधी कुणाच्या घरी बसले नव्हते. सुट्टी लागली की गावाकडं कांद्याला पाणी द्यायला.

आता तुला सांगायला नको आपल्याकडं काय असतं. करंज्या, शेव, चकल्या, रव्याचे लाडू, अनारसे, डबेच्या डबे. आणि ते आपण एकटे खात नाही. आळीतल्या प्रत्येक घरी ताट गेलंच पाहिजे. दिवाळीत ज्या घरांतनं आपल्याकडं आलं, त्या घरांत नाताळात परत जातंच. म्हणजे संघातल्या ख्रिस्ती पोरींनी घरी खाल्लं, आणि हिंदू पोरींनी ह्यांच्याकडनं आलेलं खाल्लं. दिवाळीत जीभ आवरून बसलेल्या सगळ्याजणी नाताळात सुटल्या. वर बोर्डिंगला परत येताना प्रत्येकीच्या पेटीत एकेक डबा, मैत्रिणींसाठी. एस्तेरच्या आईनं तर सरांसाठीही डबा दिला होता.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम म्हणून माप घेतलं.

“दंड!”

“सोळा!”

“कुणाचा? एस्तेर?”

“नाही, पहिलीच आहे.”

मग पुढची. तिचाही चढता. त्याच्या पुढचीचाही. एकीचाही आकडा खाली उतरला नाही. सर मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, “मावशी, चिमटा पुसून घ्या.” पुसला. आकडा तोच. आत एस्तेर माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मावशी, दोन-दोन कमी बोला की. सर कुठं बघत्यात?”

हळू बोलणं त्या पोरीच्या नशिबातच नव्हतं. सरांना ऐकू गेलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. पाठ वळवली नाहीच त्यांनी, तिकडं तोंड करूनच बोलले, “एस्तेर, मैदान गेलं तर जाऊ दे. फळ्यावर खोटा आकडा येणार नाही. मावशी, पुढची घ्या.”

मी पुढची घेतली. त्यानंतर कुणी हसलं नाही बाई. सगळं माप झाल्यावर सर जेवणघराच्या पायरीवर बसले. एस्तेरनं आईनं दिलेला डबा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक करंजी उचलली, उलटीपालटी करून बघितली, खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी हातात घेऊन म्हणाले, “मावशी, हे असलं असतं होय नाताळात? मला कुणी सांगितलं का नाही?”

“सर, तुम्ही आम्हाला विचारायचा तेव्हा दंडच विचारायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या. कमिटीची माणसं बसली. सरांनी फळा बाहेर आणवला आणि स्वतः उभं राहून सगळे वाढलेले आकडे मोठ्यानं वाचले. एकही गिळला नाही. पोरी बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या, पण बांधून झालेल्या नाड्या सोडून परत बांधत होत्या.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “मग प्रश्नच मिटला. तुमचाच शब्द.”

“वेग तरी बघा,” सर म्हणाले.

पोरी पळाल्या. सुट्टीआधीच्यापेक्षा सगळ्याच वेगात! दोन महिने सरांनी त्यांना पायऱ्या चढवल्या होत्या, वाळूत उड्या मारायला लावल्या होत्या, त्याचं फळ होतं ते. सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कारण सेक्रेटरीसाहेब वकिलासारखे पुढं वाकले.

“सर, तुम्हीच इतके दिवस सांगताय, चरबी वाढली की वेग घटतो. इथं चरबीही वाढली, वेगही वाढला. म्हणजे एक तर तुमचा चिमटा खोटा, नाहीतर घड्याळ खोटं. कुठलं?”

माणूस आपल्या दोन लेकरांतलं कुठलं खोटं म्हणेल? सर एकदा हातातल्या चिमट्याकडं बघायचे, एकदा दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं. मी मनात म्हटलं, आली फरशी.

तेवढ्यात रांगेतनं एस्तेर. “सायेब, मग तुमीच पळा की.”

“काय?”

“सरांच्या हिशोबानं चरबी नसंल तर माणूस पुढं पायजे. तुमच्यात तर न्हाईच. तुमी माझ्यासंगं पळा. मंग कळंल काय खोटं हाय ते.”

कमिटीतली एक बाई फस्सकन हसली. सेक्रेटरीसाहेब रागावणार, एवढ्यात सर पुढं धावले. मैदान, फरशी, सगळं विसरले होते ते. डोळ्यांत नुसतं शास्त्र. साहेबांची बाही वर करून दंडाला चिमटा लावला आणि ओरडले, “अहो, घडीच येत नाही! मावशी, बघा बघा! काय दंड आहे साहेब! असा दंड मी पुण्यालासुद्धा पाहिला नाही!”

आता मला सांग, ज्या माणसाला जन्मभर लोक काडी म्हणत आले, त्याला कुणी असं म्हटल्यावर काय होणार? साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला. घड्याळ दिलं. चपला काढल्या. पँट दुमडत पुटपुटले, “शाळेत असताना खो-खो खेळायचो मी.”

शिट्टी वाजली. पहिली काही पावलं साहेब खरंच पुढं होते गं! पाय केवढे लांब! टांगा टाकत निघाले, शर्ट मागं पतंगासारखा. पोरी किंचाळायला लागल्या. आणि मग एस्तेर आली. जमीन हादरवत आली, साहेबांच्या शेजारनं गेली, आणि साहेब अजून वाटेतच होते तेव्हा ती पलीकडं पोहोचून मागं वळून उभी. सेक्रेटरीसाहेब मागून येत होते खरे, पण त्यांना पळता येत होतं, थांबता येत नव्हतं. पुढं कुंपणाची बाभळ. “थांबवा मला!” असं ते ओरडतायत! एस्तेरनं दोन्ही हात पसरले, पाय रोवले आणि गोलसमोर येणारा गडी अडवावा तसं साहेबांना छातीवर झेललं. दोघंही धपकन खाली बसली.

मी चष्मा घेऊन धावले. साहेब धापा टाकत होते, केसांत माती. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. तर हसत होते! इतके हसले की त्यांना बोलता येईना. “चरबी नाही,” म्हणाले, “पण... पण पायांत जोर कुठंय?” सगळी कमिटी हसायला लागली. पोरी तर गवतात आडव्या.

बोलता यायला लागल्यावर साहेबांनी पहिलं काय विचारलं असेल? “फरशी कधी घालायची?” छे. त्यांनी विचारलं, “सर, पुढच्या नाताळानंतर परत? मला तयारीला वेळ द्या. सकाळी येईन इथं पळायला.” मग स्वतःच खुर्च्यांकडं वळून म्हणाले, “फरशीचं राहू द्या हो. फरशीवर पडलो असतो तर गुडघे फुटले असते माझे.”

पोरींनी एस्तेरला उचलायला घेतलं आणि ती काही उचलली जाईना, म्हणून तिनंच दोघींना उचललं.

सर मात्र फळ्यासमोर एकटे. मी जवळ गेले. म्हणाले, “मावशी, मैदान राहिलं. पण शास्त्र गेलं माझं.”

“गेलं कुठं सर? नाताळात जरा जाड झालं.”

बघितलं माझ्याकडं, आणि शिट्टी पोटावर उडेपर्यंत हसले. मग एकदम कपाळावर हात मारला. “जोर,” म्हणाले. “साहेब काय म्हणाले? पायांत जोर. मावशी, आपण नुसती कातडी धरत राहिलो. आतलं मांस नको, नको म्हणत राहिलो!” आणि स्कूटरला किक मारून गेले ते थेट शिंप्याकडं, मापाची टेप आणायला. त्यानंतर दोन वर्षं मी मांड्यांचे घेर मोजले. एस्तेरच्या नंबरापुढचं प्रश्नचिन्ह पुसलं आणि तिथं सरांनी मोठ्ठा गोल काढला. पण कमी चरबीचं त्यांनी सोडलं नाही हं. दोन्ही हवं म्हणायचे, वर खायलाही हवं म्हणायचे. आणि दर नाताळात पहिला डबा कुणाच्या घरून येतो याची वाट बघत बसायचे.

आता सर निवृत्त झालेत, पण नाताळ झाला की केडगावहून घड्याळ घेऊन येतातच. मैदान आहे तसं आहे. नव्या पोरी पळतात. सेक्रेटरीसाहेब दर वर्षी पळतात आणि दर वर्षी हरतात, पण वेग वाढलाय त्यांचा, मी स्वतः बघितलाय. थांबणं तेवढं अजून जमलेलं नाही. एस्तेर आता पोलिसात लागलीय लांब, तिला यंदा सुट्टी मिळत नाही म्हणाली. सर परवा फोनवर काळजीत होते, म्हणाले, “मावशी, पलीकडं झेलायला कोण उभं राहणार?”

मी तुझं नाव सांगून ठेवलंय. तेव्हा उद्या जातेस तर जा, पण लवकर ये. नाताळ माझ्याकडं कर, पोटभर खा, आणि दुसऱ्या आठवड्यात सकाळी बाभळीच्या अलीकडं पाय रोवून उभी राहा. वाळलेली येऊ नकोस, साहेब चांगल्या जोरात येतात.